पाण्याचा दिवस

पिक्चर अक्षितानेच निवडला.
तेलुगू आहे, कॉमेडी आहे, मारामारी नाही, म्हणाली.
मारामारी नाही हे दोनदा सांगितलं,
जणू मी मारामारीलाच घाबरतो.

सोलापूरचा मे. रात्री नऊलाही
भिंतीला हात लावला तर उतरवलेल्या तव्यासारखी.
दोघांत एक कूलर, त्याचं तोंड तिच्याकडे.
भाग्यलक्ष्मी अजून कामावर.
शाळा उघडायच्या आधी गणवेशांची घाई असते,
हजारो निळ्या बाह्या, आत हात नसलेल्या.

पडद्यावरची मुलगी स्कूटी शिकते.
मुलगा मागून धावतो, शेणात पडतो.
अक्षिता पाय झाडत हसते. मीही हसतो,
तिच्या अर्धा सेकंद मागून.
चार माग एकट्याने सांभाळणारा माणूस मी,
धागा तुटायच्या आधी कानाला कळतं.
इथे काही कळत नाही.

मग तो तिला म्हणतो, नुव्वंटे नाकु इष्टम.
अक्षिता रिमोट उचलते. सगळं थांबतं.
'पप्पा, इष्टम म्हणजे आवडणं ना?'
'हो.'
'आपण तर भेंडीला पण इष्टमच म्हणतो.'
'हो.'
'मग भेंडीला आणि तिला एकच शब्द?'
कूलर घरघरत राहिला.
'भेंडी,' मी म्हणालो, 'उद्या नको वाटली तर चालतं.'
तिने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.
पिक्चर पुढे.

मग गच्ची. दिव्यांच्या माळा. दोन तोंडं,
मधे चार बोटं, मग दोन, मग एक.
मी उठलो.
'नळाला पाणी आलं का बघतो.'
'पप्पा, पाणी काल येऊन गेलं. आता सोमवारी.'
'तरी बघतो.'

मोरीत उभा राहिलो. नळ पिळला,
त्याने सूं करून हवा सोडली.
ड्रमांची झाकणं नीटच होती, ती आणखी नीट केली.
माझे वडील अशा वेळी खोकायचे.
थिएटरात पुढच्या रांगा वळून बघायच्या,
आणि त्यांनी उभ्या आयुष्यात
एक विडीसुद्धा ओढली नव्हती.

परत आलो तर पिक्चर थांबलेला,
बरोबर तिथेच, एका बोटावर.
'तुम्ही नव्हता म्हणून,' अक्षिता म्हणाली.
अकरा वर्षांची. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही,
इस्त्री केलेली निष्पाप.
मी गादीवरचा कापूस वेचत बसलो.

मग तीच उठली.
'थांबा, मी बघून येते पाणी आलं का.'
आणि जाता जाता बटण दाबून गेली.

तीन सेकंदांचंच होतं. इतकंच.
मोरीत ती नळ उघडत होती, बंद करत होती,
परत उघडत होती,
मला ऐकू जावं इतक्या जोरात.

शेवटी तो विमानतळावर धावतो.
त्याला कोणी अडवत नाही, बॅग तपासत नाही.
'तुम्ही धावला होता का, अम्माच्या मागे?'
'ती दाजी पेठेतच राहायची. आपल्या मागच्या बोळात.'
'मग?'
'मग काय. चालत गेलो.'
'जाऊन काय म्हणालात?'
'आठवत नाही.'

खोटं होतं.

साडेअकराला भाग्यलक्ष्मी आली,
पायांना सूज, केसांत निळा दोरा.
कूलरचं तोंड स्वतःकडे वळवलं.
अक्षिताने चप्पलसुद्धा काढू दिली नाही:
'अम्मा, पप्पा चालत आले तेव्हा काय म्हणाले?'

तिने माझ्याकडे बघितलं. मी कूलरकडे.
'विचारलं,' ती म्हणाली,
'तुमच्याकडे पाणी आलं का.'

आणि केसांतला दोरा शोधू लागली,
बराच वेळ,
जिथे तो नव्हता तिथे.