दोन मिलिमीटर

बस, आरुस्याक. ते स्टूल शेगडीजवळ ओढ.
जावयाने क्रास्नोदारहून पाठवलेत, पाहिले मी.
चार कोरे, रबराचा वास अजून ताजा,
कडेला पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव,
रुंद, पैलवानाच्या छातीसारखे.
तू यायच्या आधी अर्धा मार्तुनी हात लावून गेला त्यांना.

आणि मी म्हणतो, नको.

रागावू नकोस. तो खडू दे इकडे.
दारावरच लिहितो,
हमाझास्पची उधारीही इथेच असायची.
तुझ्या निवाचं चाक: एकशेपंचाहत्तर, ऐंशी, सोळा.
पहिला आकडा रुंदी.
दुसरा म्हणजे, त्या रुंदीच्या शंभरातले किती भाग
रबर रिमच्या वर उभं राहतं.
एकशेचाळीस. वर तेवढं, खाली तेवढं,
मधे सोळा इंची लोखंड.
सहाशे शहाऐंशी मिलिमीटर. ही तुझ्या चाकाची उंची.

आता जावयाचे. दोनशेपंधरा, पासष्ट, सोळा.
कर बेरीज. बटाट्याच्या पोत्यांची करतेस तशी.
आली ना?
सहाशे शहाऐंशी. केसभर इकडे तिकडे.
गेवोर्ग काही वेडा नाही. त्यानेही केली असणार,
रात्रपाळी संपल्यावर, फोनच्या उजेडात.

पण आकडे जुळले म्हणून जोडा जुळत नाही.
तुझी रिम पाच इंच. कारखान्यातून निघाली तेव्हापासून पाच इंच.
त्यात हा गडी बसेल, बसवीन मी,
पोट सुटलेला, कडा आवळलेल्या,
आणि सेलिमच्या घाटात, आखूड वळणावर,
तू स्टिअरिंग पुरतं फिरवशील
तेव्हा तो आतला पत्रा चाटेल.
कुत्रं हाड घासतं तसा आवाज.
तिथे बर्फात कुणाला विचारणार आहेस?

आणि दोनच बदल, असंही म्हणू नकोस.
पुढे नवे, मागे जुने, हे दुसऱ्या गाड्यांत खपून जातं.
हिची चारही चाकं ओढतात, बारा महिने.
एक लहान, एक मोठं असलं
की मधल्या पेटीतले दाते भांडत राहतात,
काही घरांत भांडतात तसे, न बोलता,
आणि एक दिवस तेल काळं निघतं.

माझ्याकडे एकशेपंच्याऐंशी, पंचाहत्तर आहेत.
बर्फाचे. चारही एका साच्यातले.
उंची सहाशे चौऱ्याऐंशी,
दोन मिलिमीटर कमी.
दोन मिलिमीटर म्हणजे काय गं,
तुझ्या लवाशचा एक पदर.
जावयाचे वाझगेनच्या डस्टरला हुबेहूब लागतात,
उद्या सकाळी पैसे आणतो म्हणालाय. वरचे तुझे.
गेवोर्गला सांग, टायर फार चांगले निघाले.
खोटं नाही ते.

हे मात्र घेऊन जा की ठेवू? हमाझास्पचे.
बोट फिरव. नक्षीच उरली नाही.
सहा मिलिमीटर झिजलेत,
म्हणजे उंचीत बारा गेले.
झिजलेलं चाक त्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं
आणि मीटर प्रत्येक फेरा इमानदारीने मोजतो.
येघेग्नाझोरला लेकीच्या दारापर्यंत
चौसष्ट किलोमीटर, तो सगळ्यांना सांगायचा,
इथे बसून, दर वेळी.
त्रेसष्ट असणार गं. एक मीटरने उगाच लावलाय.

आरुस्याक बराच वेळ खडूचे आकडे पाहत राहिली.
मग म्हणाली, चौसष्टच.
माथ्याच्या अलीकडे एक आडवाट आहे,
तिथून मागे सगळं तळं दिसतं.
अर्धा जायला, अर्धा यायला.
चुकून कधी चुकवली नाही त्याने.

मी जॅक लावला.
दारावरची बेरीज पुसायला फडकं घेतलं होतं,
ते खिशातच राहिलं.