उघडू नये

जहाजावर जायच्या आधीच्या आठवड्यात
उल्हास केळ्यांच्या मागे लागतो.
सीवूड्सच्या पुलाखालचा गाडीवाला
त्याच्यासाठी काळी पडलेली वेलची बाजूला काढतो,
अर्ध्या भावात, आणि वर विचारतो,
“साहेब, परत निघालात?”
आमच्या लेकीआधी त्याला कळतं.

मग नेरूळच्या या दोन खोल्यांत
रात्री अकराला ओव्हन तापतो.
यीस्ट नाही, फुगायची वाट बघणं नाही.
सोडा पडला की लगेच भांड्यात, लगेच आत.
“फुगायचं तर एकदाच,” तो म्हणतो,
आणि डाव हळू फिरवतो,
फार घोटलं तर चामडं होतं म्हणून.

सात पाव.
पाव तरी कसं म्हणायचं, केक तरी कसं,
माझी आई त्याला धोंडसाचा शहरी भाऊ म्हणायची.
पूर्ण गार होईपर्यंत तो कुणाला हात लावू देत नाही.
वाफ आत राहिली की तिचाच बर्फ होतो.
मग प्लॅस्टिक, मग फॉइल, मग चिकटपट्टी,
आणि वर मार्करनं, इंजिन रूममधल्या ठोकळा अक्षरांत:
मार्च. एप्रिल. मे.
खाली दर वेळी, जणू मी आजच भरती झालेय:
रात्री ओट्यावर ठेवणे. गुंडाळलेले तसेच. उघडू नये.

कारणही त्यानंच सांगितलेलं.
गार वस्तूला घरातली हवा घाम आणते.
उघडं ठेवलंस तर तो पावावर बसेल, चिकट करेल.
बंद असू दे. फॉइल भिजेल तेवढी भिजू दे.
आतलं पाणी आतल्या आत
आपल्या जागी परत जातं, त्याला वेळ लागतो.

मार्च मार्चसारखाच लागला. एप्रिलही.
मे संपवला त्याच आठवड्यात
सेक्टरचा ट्रान्सफॉर्मर गेला.
सतरा तास.
ऑगस्ट-सप्टेंबर तळाशी होते, बर्फात रुतलेले, कसेबसे तगले.
वर जून आणि जुलै
बोंबलांच्या पिशवीला टेकून घामेजले.
पुन्हा गोठवलं की भुसा होतो,
म्हणून जून मी आणि चार्वीनं
त्याच रात्री मेणबत्तीजवळ बसून संपवला.
जुलै चौथ्या मजल्यावर, वर्गीसबाईंना.
त्यांच्याकडून डबा फणसाचे गरे भरून परत आला.
एका रात्रीत दोन महिने गेले
आणि जहाजावर कुणाला पत्ता नाही.

ऑगस्टच्या कडेला पांढरे चट्टे होते
आणि वास, खोटं कशाला बोलू, बोंबलांचा.
काप करून तव्यावर लोण्यात भाजले.
चार्वी म्हणाली, हा पाव पोहून आलाय.
व्हिडिओवर त्यानं विचारलं, कसा झालाय?
त्याच्या मागे काहीतरी सारखं धडधडत होतं,
तोंड अर्धंच दिसत होतं.
म्हटलं, आजच केल्यासारखा.

सप्टेंबर मी काढलाच नाही.

ऑक्टोबरात तो आला.
दारात बॅग, डोळ्यांत दुसऱ्याच कुठल्या देशातली रात्र.
चार्वी सुरूच झाली, कुठं गेलात, किती दिवस, काय आणलं.
तिला शाळेत पिटाळलं.
तो पंख्याखाली, चादर डोक्यावरून घेऊन,
दोन दिवस पडून होता.
मधे मधे जाऊन बघायचे.
चादरीची कड ओली व्हायची.
पाण्याचा तांब्या बदलून यायचे, बस.

तिसऱ्या पहाटे स्वयंपाकघरात खुडबुड झाली.
फ्रीझर उघडा, त्याचा उजेड पायांवर,
आणि सप्टेंबर हातात धरून
तो स्वतःचीच अक्षरं वाचत उभा.
“हा राहिला?”
“राहिला.”
नखानं त्यानं फॉइलची कड उचलली.
त्यानंच.
नाकाशी नेली. थांबला. माझ्याकडे बघितलं.
“ऑगस्टही?”
“ऑगस्टही,” मी म्हटलं,
आणि तवा ठेवला.