सकाळसुद्धा

टेबलावर अर्धा कापलेला पाव, अक्रोडांची टरफलं,
आणि मधोमध माझा लॅपटॉप,
ज्याच्याकडे बाबा अजून
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं बघतात.
कुताईसीहून स्वस्तातलं विमान. जाताना बर्लिन, येताना रोम,
मधे एक छोटं उड्डाण.
सहा दिवस; पहिला नि शेवटचा विमानतळच खाणार.
"म्हणजे चार," आई म्हणते.
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळलेली बाई,
तिला कागद लागत नाही.

बर्लिन बाबांचं.
एकोणिसाव्या वर्षी, लष्कराच्या ट्रकमधून,
ताडपत्रीच्या फटीतून पाहिलेलं:
एक धुरांडं, दोन बसगाड्या,
सायकलवरून उतरणारी लाल कोटातली मुलगी.
मग दोन वर्षं शहराबाहेरच्या छावणीत बटाटे सोलणं.
"रस्ते रुंद," ते सांगतात, "आणि गाडी नसली
तरी माणसं सिग्नलला थांबतात."
चाळीस वर्षांत या वाक्यात
आणखी एका शब्दाची भर पडलेली नाही.

रोम आईचं. म्हणजे रोमचा चौथा मजला.
सिन्योरा क्लेलियाच्या खाटेपासून चुलीपर्यंत सतरा पावलं.
गुरुवारी दुपारी सुटी.
स्टेशनामागच्या मैदानात आपल्याकडच्या बायका जमायच्या,
मिनीबसवाल्याच्या हाती घरच्यांसाठी पिशव्या द्यायच्या.
साबण, पास्ता, बाबांना बूट.
एकदा माझ्यासाठी निळा कोट आला,
तो येईपर्यंत
मी त्याच्याबाहेर वाढले होते.

मी नकाशा मोठा करते, लहान करते.
बर्लिन हातपाय पसरून बसलेलं,
मधे तळी, झाडं, आणि जिथे काही पडलं
तिथे गवत उगवू दिलेलं.
रोम म्हणजे आईचं कपाट:
एक काढायला जावं तर तीन अंगावर येतात.
कारंज्याला खेटून चर्च, चर्चला खेटून इस्त्रीवाला,
आणि इस्त्रीवाल्याच्या भिंतीत कुण्या बादशहाचा गुडघा.

मला वाटलं होतं, दिवसांवरून भांडतील.
भांडले. पण उलटे.
"बर्लिनला एक पुरे," बाबा म्हणाले. "थंडी असते, दुसरं काय."
"आणि रोममध्ये काय ठेवलंय? मी पाहिलंय सगळं."
"काय पाहिलंस, त्सिउरी?"
आई टरफलं गोळा करायला लागली.
"कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान," ती म्हणाली.
"आणि एकदा चुकीच्या बसमधून
ते मोठं, गोल, पडकं.
उतरायचं राहिलं. सिन्योराची लघवीची वेळ झाली होती."

स्क्रीनवर तांबडी चौकट येते:
हा भाव आणखी चार मिनिटं.
चार मिनिटांत विचारता येण्यासारखं
माझ्याकडेही बरंच आहे. मी विचारत नाही.
बाबा चष्मा पुसतात, न लावताच बोलतात,
"लिफ्ट होती का तिथे?"
"होती. बंद असायची."
"मग गॅसचं सिलिंडर?"
"नळीचा गॅस होता, नुगझार. रोम आहे ते."
आणि दोघं हसतात, माझ्याकडे न बघता,
माझ्या जन्माआधी हसत असतील तसे.

मी कुणालाच न विचारता
दोन नि दोन टाकते.
दहा किलोची एकच बॅग, चटणीची बरणी चालणार नाही,
आई ऐकते आणि बरणी मनातल्या मनात
मोज्यांच्या खाली सरकवते, मला दिसतं.
मग हलकेच विचारते, "त्यात गुरुवार येतो?"
मी बघते. येतो. रोममध्ये.
"अख्खा?"
"अख्खा."
टरफलांनी भरलेली ओंजळ तिने अजून टाकलेली नाही.
"सकाळसुद्धा?"

मी उगाच
तारीख पुन्हा तपासून घेते.