उणे सत्तावीस

बेअरिंग कालपासून बाहेर आहे,
ब्रेडच्या पिशवीत गुंडाळून बर्फात खोचलेलं,
वर खूण म्हणून मोडक्या स्कीची काठी.
उणे सत्तावीस.
इकडे सौना पेटवलाय
बर्चच्या सुक्या ओंडक्यांवर,
आणि वरच्या फळीवर, जिथे एरवी मी बसते,
टॉवेल अंथरून ठेवलंय
इंजिनाचं अर्धं कवच.
घाम न येणारा पाहुणा.

ऊर्हो हे काम हातोड्याने करायचा.
भावाचा माझ्या सगळ्यांशीच वाद:
नटाशी, बायकोशी, कागद गिरणीच्या मुकादमाशी.
कवचाच्या कडेला त्याचे घाव आहेत अजून,
नखं रुतल्यासारखे. बोट फिरवून मोजले. अकरा.

तो गेला तेव्हा गाडी उघडीच होती.
जावा, तीनशेपन्नास,
जॅमच्या बरण्यांत, हेरिंगच्या डब्यांत,
एका नव्याकोऱ्या शर्टाच्या खोक्यात.
चिठ्ठ्या त्याच्याच अक्षरात:
'मागचं.'
'बहुतेक पुढचं.'
'हे काय?'

'हे काय?' म्हणजे काय
हे कळायला मला तीन हिवाळे लागले.
फ्रिजच्या बिजागरीची पिन होती ती.
ज्या फ्रिजचं दार मी
अठ्ठ्याण्णव सालापासून चिकटपट्टीने बंद करते.

शिकवलं कोणी नाही. पुस्तक होतं, चेक भाषेतलं,
त्यातली चित्रं तेवढी फिनिश.
पण एकतीस वर्षं मी केमीच्या गिरणीत
कागदाची जाडी बोटांत धरून सांगितली आहे,
यंत्राच्या आधी, आणि दोनदा यंत्राच्या विरुद्ध.
पॉइंटच्या फटीत मापाची पट्टी घालायचं पान आलं
तेव्हा हसूच आलं.
शून्य दशांश चार?
दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा.

डाव्या हाताची दोन बोटं मात्र गिरणीने ठेवून घेतली,
पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये.
म्हणून क्लचचा लिव्हर मी कापला,
तापवून आत वाकवला,
कानस मारत, धरून बघत, पुन्हा कानस,
उरलेल्या बोटांना तो सापडेपर्यंत.
हँडल चार बोटं वर घेतलं, खांद्यासाठी.
सीट खाली आणली. का ते सांगत नाही.

शरदात ओउलूहून एकजण आला,
स्वच्छ नखांचा. जुन्या गाड्या जमवतो.
वाकून वाकून पाहिलं.
लिव्हर मूळचा नाही, म्हणाला.
हँडल मूळचं नाही.
मीही नाही, म्हटलं. कॉफी घ्या.
दोन कप प्यायला, आणि जाताना दारात,
आता ही कोणी घेणार नाही हो तुमच्याकडून.
हे त्याने दुःखाने सांगितलं.
मी त्याला दालचिनीचा पावही दिला बांधून.

आता नव्वद अंश.
बाथरोब, फेल्टचे बूट, डोक्याला लोकरी टोपी,
शेजारच्या आइनोने खिडकीतून पाहिलं तर पाहू दे.
काठी उपटली, पिशवी फाडली.
सात पावलं. दार. वाफ.
बेअरिंगवर लगेच पांढरं दव धरतं,
हातमोज्यातून चावतं ते.
बारा सेकंद असतात. फार तर पंधरा.
तिरकं गेलं तर अडकेल, आणि मग पुन्हा हातोडा.

जागेवर धरलं.
सोडलं.

टक्.

एवढंच. ढकललं नाही, दाबलं नाही.
ते आपणहून उतरलं, तळाशी बसलं,
गरम गार झालं, गार गरम,
आणि दोघांनी एकमेकांना धरलं.
अंगठ्याने फिरवून पाहिलं.
आवाज नाही.

अकरा घाव, ऊर्हो.
ओंडके तर तुझ्याकडेही होते.

मेपर्यंत रस्ता उघडणार नाही.
पिस्टन आहे, गॅस्केट आहे, 'बहुतेक पुढचं' आहे.
कवच खाली उतरवलं, गोधडीत ठेवलं,
दगडांवर एक पळी पाणी टाकलं
आणि बसले.
बर्चचा वास, त्यात जळकट तेल.
वरच्या फळीवर गोल काळा डाग पडलाय.
घासायला हवा.
आज मी त्याच्या शेजारी बसते.