खोटा होकार

दार लावलं की कोल्हापूर बंद होतं.
आधी रस्त्यावरचे हॉर्न जातात,
मग कँटीनमधली कपबश्यांची खडखड,
मग वरच्या मजल्यावरचा पंखा.
उरतो आपलाच श्वास
आणि स्पंज लावलेल्या भिंतींना
नव्या गादीचा वास.

पहिल्या वर्षी मुल्लाणी मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
फरक म्हणजे दोष नव्हे.
पोरगी 'मी आलो, मी गेलो' म्हणाली
तर फॉर्ममध्ये काही भरायचं नाही.
ती हुपरीची आहे, एवढंच.
पुण्याच्या दोघी वळून माझ्याकडं बघायला लागल्या.
त्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदा हात वर केलो.

मग कानातली हाडं आली.
हातोडी, ऐरण, रिकीब.
आमच्या सोप्यातली अवजारं
एवढ्याशा भोकात कुणी नेऊन ठेवली?
रिकीब तेवढी आमच्याकडं न्हवती,
घोडंच न्हवतं.

परीक्षेला ज्याचा त्यानं माणूस आणायचा होता.
अण्णांना एसटीनं आणलो.
इस्त्रीचा शर्ट, तिकीट वरच्या खिशात जपून,
बोटांवर चांदीचा काळा,
तो कशानंच जात नाही.
हेडफोन घातलो, हातात बटण दिलो.
आवाज आला की दाबायचं, अण्णा.
बारीक आला तरी.
"व्हय."

काचेच्या अलीकडून मी सूर सोडत गेलो.
अडीचशे. पाचशे. हजार.
अण्णा दाबत होते, झकास.
चार हजार.
दाबलं.
आवाज कमी केलो. दाबलं.
अजून कमी केलो. दाबलं.
मग मी सूर सोडलोच नाही,
नुसता हात डायलवर ठेवून बसलो.
अण्णांनी माझ्या खांद्याकडं बघितलं
आणि दाबलं.

पुस्तकात याला नाव आहे. खोटा होकार.

ऐकू आलं न्हवतं, मग का दाबलासा?
ते मॅडमकडं बघत हळूच बोलले,
म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळू,
बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली:
"तुझं मार्क जातील म्हणून."

दुसऱ्यांदा मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो.
चार हजारांवर रेघ ढासळली.
पन्नास. साठ. सत्तर.
कागदावर खड्डा,
एकेचाळीस वर्षं पत्र्यावर ठोके देऊन पडलेला.
त्यात काय काय जातं ते आमचं पाठ आहे:
स, श, फ,
पहाटेच्या चिमण्या,
शिट्टीआधीची कुकरची वाफ,
आणि घुंगराचा सगळा वरचा आवाज.

पैंजण झाला की अण्णा तो गालाला लावून हलवतात.
लहानपणी मला वाटायचं,
लाड करत्यात पैंजणाचे.

माझं नाव शशी.
दोन्ही अक्षरं त्याच खड्ड्यात.
आई हाक मारते
तेव्हा त्यांच्या कानाला येत असणार नुसता अ
आणि त्यामागं ई.
नाव तर त्यांनीच ठेवलेलं.

बारावी झाल्यावर मी विचारलेलो,
अण्णा, हे शिकू काय? चार वर्षं लागतील.
ते घुंगराला डाग देत होते.
मान वर न करता म्हणाले, व्हय.
काय ऐकून म्हणाले?
फी मात्र तारखेला भरली, दर वर्षी.

फॉर्मचा शेवटचा रकाना: मुख्य तक्रार.
तोंड दिसेल असं समोर बसून,
शब्द सोडवून सोडवून विचारलो,
अण्णा, तुमची तक्रार काय?
"कसली तक्रार?" ते म्हणाले,
"तू पास झालीस न्हवं?"

निकाल अजून महिनाभर लांब होता.
मी म्हणालो, व्हय.