कमाल दोनशे अक्षरं

दुसऱ्या वर्षी फिजिकल केमिस्ट्री राहिली,
तिसऱ्या वर्षी परत.
एकूण त्रेपन्न पूर्णांक चार.
फॉर्म विचारतो, गुण कमी असल्यास कारण द्या,
कमाल दोनशे अक्षरं.

आजारपण लिहावं तर आजारी नव्हते.
घरात कुणी गेलं नाही त्या वर्षी,
बाबांचं हार्डवेअरचं दुकान बरं चाललं होतं.
मी मागच्या बाकावर मान हलवायचे,
सगळं कळल्यासारखी.

दोन वर्षं झाली, पाषाणच्या लॅबमध्ये
फळमाश्या मोजते.
लाल डोळ्यांच्या इकडे, पांढऱ्या तिकडे.
मार्चमध्ये एका बाटलीचा हिशेब जुळेना.
चारदा मोजून वहीत लिहिलं:
लेबल मीच उलटं लावलं.
महिना वाया गेला.
उखिडवे मॅडम काही बोलल्या नाहीत,
पानाखाली सही केली फक्त.

त्यांचं शिफारसपत्र बंद पाकिटात आहे.
उजेडात धरून पाहिलं, काही दिसत नाही.

गणेशखिंडीतला झेरॉक्सवाला म्हणाला,
मार्कलिस्ट फिकी येतेय, डार्क करू?
म्हटलं, करा.

रात्री त्या चौकोनात टाइप केलं:
समजत नव्हतं. विचारलं नाही.
पावणेदोनशे अक्षरं उरली.
उरू देत.
सकाळी सातला बाटल्या बदलायच्या आहेत.