येथून फाडा

पाकिटावर छापलंय : येथून फाडा.
शेजारी इवलीशी कात्री, तोंड उघडं,
तुटक रेघेवर कायमची थांबलेली.
रेघ नुसती शाईची.
कुंदा ओढते. नखाने, मग अंगठ्याने, मग दाताने,
मग माझ्याकडे बघते
जणू हे मीच केलंय.

बिबवेवाडीत पावणेसहाला उजाडतं ते दुधाच्या पिशवीने.
कोपरा पुरता कापायचा नाही, लटकता ठेवायचा,
म्हणजे तो तुकडा मोरीतून निसटून
मुठेपर्यंत जात नाही.
हे कुठल्याही पिशवीवर लिहिलेलं नसतं.

गोळ्यांच्या पट्टीवर तारीख नेमकी त्या टोकाला
जिथून पहिली गोळी निघते.
उरलेल्या नऊजणींना वयच नाही.
बरंय, कुंदा म्हणते, कुणी विचारायला नको.

तुळशीबागेतून नवी कात्री आणली
तर ती कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद.
तिला सोडवायला जुनी लागली,
जी आम्ही भंगारात काढली होती.
जुनीला काय वाटलं असेल, कोण जाणे.

आणि न्हाणीघरात चष्मा नसताना
केसांच्या दोन बाटल्या, जुळ्या बहिणी.
एकीच्या गळ्यात मी रबरबँड घातलंय.
एवढं कंपनीला सुचू नये?

सुचतं. मला ठाऊक आहे, सुचतं.
मी भोसरीला टूलरूममध्ये एकतीस वर्षं होतो.

पाकिटाच्या कडेला खाच असायची बघा,
तांदळाच्या कणीएवढी,
ती पाडणारं पातं मी घासायचो.
मुजावर म्हणायचा, हिला नुसतं बोट लाव,
पाकीट आपणहून आ करतं.
शहाण्णव साली पातं सारखं बोथट व्हायचं,
दर पाळीला मशीन अकरा मिनिटं बंद.
अकरा मिनिटं म्हणजे किती पाकिटं
ते साहेबांनी फळ्यावर मांडून दाखवलं.
'लोकांना दात असतात,' म्हणाले.
सगळे हसले. मीही हसलो,
माझे तेव्हा बत्तीसच्या बत्तीस शाबूत.

संध्याकाळी पातं उतरवलं,
तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलं.
खाचेच्या जागी रेघ छापायचं ठरलं.
रेघेवरची कात्री
ही माझी सूचना.

पन्नास रुपये बक्षीस, सूचनापेटीशेजारी फोटो.
त्या पैशात कुंदाला सारसबागेजवळ भेळ खायला घातली.
कशाबद्दल मिळाले, तिने विचारलं.
एक चित्र सुचवलं, म्हटलं.
ती खूश झाली. तिला वाटलं,
माझ्यात एक चित्रकार आहे.

आता तिची बोटं सकाळी दहापर्यंत वळत नाहीत.

रात्री जेवणं झाली की मी टेबलावर पेपर पसरतो,
तिकोनी कानस काढतो, ती बारीक, घड्याळजीची असते तशी.
मसाल्याची, इसबगोलाची, मेंदीची पाकिटं,
एकेक कड चिमटीत धरून
एकदाच, हलक्या हाताने.
खालच्या मजल्यावरच्या पानसेबाई पिशवी भरून पाठवतात,
सोबत चिठ्ठी :
'मागच्या खेपेस खाच डावीकडे होती.
मी डावखुरी नाही.'

काल कुंदाने पाकीट हातात घेतलं.
रेघेकडे पाहिलंच नाही. खाचेला बोट लावलं
आणि एका ओढीत उघडलं.
थोडी पावडर ओट्यावर सांडली.
'जरा खोल गेली रे,' ती म्हणाली.

अर्धा मिलिमीटर, मी म्हटलं.
उद्या कमी करतो.